कंबरभर पाणी

बॉबलिंगेन
२ डिसेंबर २०२५

मालिनीताई,

मायना लिहिताना दोन कागद फाडले. इतकी वर्षं ‘सौ. विहीणबाई’ लिहायची सवय, आणि आता त्या ‘सौ.’पाशी पेन अडतं. म्हणून नुसतं मालिनीताई. रागावू नका.

व्हिडिओ कॉल असताना ही बाई कागद काळे का करतेय, असं तुम्हाला वाटेल. अहो, त्या कॉलवर तुम्ही-मी कधी बोललोय का? फोन तुमच्या स्पृहाच्या हातात, अन्वी मध्ये तोंड घालणार, आमचा वेदांग मागून “आई, आवरतं घे, मला मीटिंग आहे” म्हणणार. लेक-जावयासमोर, सून-मुलासमोर दोन विहिणींनी बोलायचं तरी काय? जेवलात का आणि थंडी आहे का. पत्राला दहा-बारा दिवस लागतात म्हणे. लागू देत.

काल पोचले. तुम्हाला दम्यामुळे थंडी सोसत नाही म्हणून दर वर्षी उन्हाळा तुमचा आणि हिवाळा माझा. वरमाय असून मी जर्मनीत कुडकुडायचं आणि तुम्ही इथे चेरी खायच्या! असो. आमचे हे नाशकातच आहेत, विमानाचं नाव काढलं की त्यांचं पोट बिघडतं.

आल्या आल्या मागच्या अंगणात गेले. विलासरावांनी उन्हाळ्यात खणलेलं तळं पाहिलं. फोटोत एवढंसं वाटलं होतं. काठाचे दगड काय बसवलेत हो! सप्टेंबरमध्ये ते गेल्याचं कळलं तेव्हा मी वाईला आले, पण तुमच्याशी धड बोलणं झालं नाही. इथे त्या दगडांवर हात ठेवला आणि डोळे भरून आले.

मासे काही दिसले नाहीत. खाली काहीतरी केशरी हललं, बस्स. स्पृहा म्हणते, “अहो आई, ते मासे माझ्या आईचे, तिलाच विचारा.” वेदांग म्हणतो, “काही करायचं नसतं, मी बघतो नेटवर.” म्हणजे तो बघणार नाही. तेव्हा काय खायला घालायचं, किती, कधी, सगळं लिहा. आणि एप्रिलचं तिकीट काढलंत का, तेही लिहा.

तुमची,
मनोरमा


वाई
१२ डिसेंबर २०२५

मनोरमाताई,

पत्र आलं. पोस्टमन म्हणाला, जर्मनीचं तिकीट आहे, नातवासाठी देता का? दिलं.

‘सौ.’चं तुम्ही लिहिलंत, बरं वाटलं. बाकीचे सगळे काही घडलंच नाही असं दाखवतात.

माशांचं सांगते. रोज सकाळी कणीक भिजवायची, मीठ-तेल काही नको. हरभऱ्याएवढ्या गोळ्या करायच्या. डाव्या बाजूच्या चपट्या दगडावर बोटांनी टकटक करायचं आणि थांबायचं. सगळ्यांत शेवटी येतो आणि सगळ्यांत आधी खातो तो डेप्युटी. वीतभर आहे, केशरी, कपाळावर पांढरा डाग आणि डागाला एका बाजूनं खाच. नाव ह्यांनी ठेवलं. पाटबंधारे खात्यात जन्म गेला, म्हणाले, आमचे डेप्युटी इंजिनिअर साइटवर असेच यायचे. तो माझ्या हातातून खायचा. दुसऱ्या कुणाच्या नाही, ह्यांच्याही नाही.

लग्न होऊन वाईला आले तेव्हा संध्याकाळी आम्ही घाटावर जायचो. घरात सासू-सासरे, दीर-नणंदा, बोलायला जागा नसायची. मी पदरात कणकेच्या गोळ्या न्यायची. मासे पायऱ्यांपाशी यायचे आणि आम्ही बोलत बसायचो. पुढे ह्यांची धरणावर बदली झाली, संध्याकाळ साइटवर जायला लागली, आणि घाट सुटला. तिथे बॉबलिंगेनला इतक्या वर्षांनी पुन्हा गोळ्या केल्या.

पण खरं सांगू? त्या तळ्याचा मला रागही आहे. बोडनसेवर, तिथल्या त्या मोठ्या सरोवरावर, बोटीतून फिरायचं माझ्या फार मनात होतं. जायचं ठरलं होतं. जूनमध्ये तळं खणून झालं, पाणी भरलं, मासे सोडले, मी खूश. आणि एक दिवस ह्यांनी सगळं पाणी काढलं, मासे स्पृहाच्या बाथटबात टाकले आणि तोच खड्डा पुन्हा खणायला घेतला! का, तर “नीट नाही झालं.” सत्तरीचा माणूस, कमरेत वाकून वाकून कुदळ मारतोय. जायचा दिवस आला, बोट राहिलीच. मी म्हटलं, आयुष्यभर सरकारची धरणं बांधलीत, आता लेकीच्या दारातही खड्डाच? परतीच्या विमानात मी त्यांच्याशी बोलले नाही. इथे आल्यावर दोन महिन्यांत ते गेले.

एप्रिलचं विचारलंत. स्पृहा रोज मागे लागते. माझं मन होत नाही. तिथे जाऊन मी एकटी काय करू? पण एक ठरवलंय. ते मासे थंडीतून निघाले तर येईन. नाही निघाले तर नाही. हट्ट म्हणा हवं तर. त्यांच्या हातची शेवटची वस्तू ती.

गोळ्या चुकवू नका. उपाशी ठेवू नका त्यांना.

मालिनी


बॉबलिंगेन
२ जानेवारी २०२६

मालिनीताई,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा देत नाही, तुमचं वर्ष कसलं नवं. पण तब्येतीला जपा.

मासे मजेत आहेत. तुम्ही सांगितलंत तशी कणीक भिजवते, हरभऱ्याएवढ्याच गोळ्या. तुमच्या हातातून खायचे तसे माझ्या हातातून खात नाहीत हं, त्यांना माणूस कळतं. पाणी जरा गढूळ दिसतं, पण थंडीत होत असेल. आता वर पापडाएवढा बर्फही धरलाय, त्यामुळे खालचं फारसं दिसत नाही.

एकतीस तारखेला इथे फटाक्यांचा नुसता धूर. अन्वी टेबलाखाली बसली होती. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि आमचं छान चालतं. तिला साटोऱ्या करून घातल्या, दोन खाल्ल्या. स्पृहा म्हणते, आई, तिला भूक नसताना भरवू नका. तुम्हीच सांगा, भूक विचारून भरवणारी आजी असते का कुठे?

बोटीचं वाचून वाईट वाटलं. आमच्या ह्यांनी मला अजून शिर्डीही नीट दाखवलेली नाही.

एप्रिलचं तिकीट काढून टाका. उगाच महाग होईल.

मनोरमा


वाई
१४ जानेवारी २०२६

मनोरमाताई,

आज संक्रांत. गोड लिहायला हवं, जमत नाही.

तुमचं पत्र आज आलं. आणि कालच व्हिडिओ कॉलवर मी अन्वीला विचारलं होतं, मासे काय म्हणतात? तिनं दोन बोटं दाखवली, डोळे मिटले आणि मान टाकली. स्पृहानं घाईघाईनं फोन स्वतःकडे घेतला आणि म्हणाली, आई, नेटवर्क जातंय.

“मासे मजेत आहेत.” मी ते वाक्य दहादा वाचलं. मला लहान मूल समजता का? की म्हातारी विधवा, हिला काहीही सांगितलं तरी चालतं? तुम्ही एकट्या होतात ज्यांनी ‘सौ.’बद्दल खरं लिहिलंत. म्हणून मी घाटाचं लिहिलं तुम्हाला, विमानात अबोला धरल्याचं लिहिलं. ते लेकीलाही बोलले नाहीये.

शेजारी हळदीकुंकू चाललंय. बांगड्यांचा आवाज इथवर येतो. मला बोलावणं नाही, असणारच नव्हतं.

डेप्युटी गेला असेल तर तेही आता लपवू नका. आणि तिकिटाचं विचारू नका. मी येत नाही.

मालिनी


बॉबलिंगेन
२७ जानेवारी २०२६

मालिनीताई,

दोन कानफटात मारल्या असत्यात तरी चाललं असतं. चुकले मी. आता सगळं सांगते, आणि त्यात तुम्हाला न आवडणारंही आहे.

दोन लहान मासे गेले. डेप्युटी नाही. तो खाली आहे असं मला वाटतं, पण खात्री देत नाही. वर जाड बर्फ आहे.

ते का गेले, हे मला तुमच्यापासून लपवायचं होतं. तुमचं पत्र आल्यापासून मी गोळ्या घालत होते. दगडावर टकटक करायची, कुणी यायचं नाही. मला वाटलं, मी परकी म्हणून येत नाहीत, म्हणून आणखी घालायची. मग एके सकाळी दोघं वर तरंगताना दिसले. वर बर्फाचा पापडही होता. म्हटलं, बाकीचे गुदमरतायत. स्वयंपाकघरातून खलबत्त्यातला बत्ता घेतला आणि निघाले बर्फ फोडायला. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारची फ्राऊ माउरर “नाइन! नाइन!”, म्हणजे नको नको, करत धावत आली. बत्ताच काढून घेतला हो माझ्या हातातून! मग पाण्यातल्या गोळ्या दिसल्या तिला आणि तिनं कपाळाला हात लावला.

स्पृहानं मधे राहून समजावलं. थंडीत माशांचं पोट चालत नाही. ते तळाशी जाऊन गप्प पडून राहतात, श्वासही जेमतेम. त्यांना काही लागत नाही. खायला घातलं तर ते पोटात तसंच राहतं, नाहीतर पाण्यात कुजतं, आणि दोन्हीनं मरतात. बर्फावर ठोकलं तर त्या धक्क्यानंही मरतात. तळाचं पाणी वरच्यापेक्षा ऊबदार असतं, ते ढवळायचं नाही. फक्त हवेला एक भोक ठेवायचं. गरम पाण्याचं भांडं बर्फावर ठेवायचं, ते आपोआप खाली उतरतं. मी आता आपला कुकर ठेवते. शिट्टी काढून. रोज सकाळी बर्फावर माझा पाच लिटरचा कुकर बसलेला असतो आणि अख्खी गल्ली बघत जाते.

म्हणून लिहिलं नाही. “उपाशी ठेवू नका” असं तुम्ही लिहिलं होतंत. तुमच्याच गोळ्यांनी गेले, हे कुठल्या तोंडानं लिहू? आणि मी तरी कुठली शहाणी? आपल्याकडे जीव दिसला की खायला घाला, एवढंच येतं आपल्याला. त्या दोघांना गुलाबाखाली पुरलं. अन्वीनं वर दगड ठेवलाय.

तुमचं चौदा तारखेचं पत्र आलं, आणि मला घरात बसवेना. रविवारी साटोऱ्या घेऊन स्पृहाला आणि अन्वीला ओढत फ्राऊ माउररकडे गेले. म्हटलं, हिला विचार, बाकीचे जगतील का? काय करू सांग, मी करते.

ती म्हणाली, “जगतील. तळं खोल आहे ना. त्यांनी दुसऱ्यांदा खणलं म्हणून.”

मी विचारलं, म्हणजे?

मालिनीताई, आता नीट वाचा. जूनमध्ये विलासराव तळ्याशी उभे होते. ही बाई कुंपणापाशी आली आणि म्हणाली, छान झालंय, पण गुडघाभरच आहे. हिवाळ्यात तळापर्यंत गोठेल, मासे मरतील. थंडीपुरते तळघरात टबात ठेवा, नाहीतर मरू द्या आणि उन्हाळ्यात नवे आणा, लोक तसंच करतात. मध्ये दुभाषी कोण, तर आपली अन्वी! विलासरावांनी विचारलं, मरू नयेत असं हवं असेल तर किती खोल? तिनं आपल्या कमरेवर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाणी काढायला घेतलं.

ती म्हणे, मी त्यांना म्हटलं, एवढे कष्ट कशाला, पाच युरोला नवा मासा मिळतो. तर त्यांनी काहीतरी सांगितलं, पण ते अन्वीला जर्मनमध्ये सांगता येईना, ती नुसती हसत होती.

स्पृहानं अन्वीला विचारलं, काय म्हणाले होते गं आजोबा? ती साटोरी खात होती. मालिनीताई, ही पोर माझ्याशी एक शब्द मराठी बोलत नाही. तिनं हात कमरेवर ठेवले, मान अशी थोडी वाकडी केली आणि विलासरावांच्याच आवाजात म्हणाली, “नवे आणले तर आजीला लगेच कळेल गं!”

स्पृहा उठून बाहेर गेली. फ्राऊ माउररनं मला कॉफी ओतली.

बोट बुडवली त्यांनी तुमची, पण ती ह्यासाठी. तुम्हाला का सांगितलं नाही, ते मी काय सांगू? त्यांच्या जागी आमचे हे असते तर त्यांनीही सांगितलं नसतं. ही सगळी त्याच मातीची माणसं.

रागावला असलात तरी चालेल, पण उत्तर लिहा.

तुमची,
मनोरमा


वाई
८ फेब्रुवारी २०२६

मनोरमाताई,

पत्र वाचून मी संध्याकाळी घाटावर गेले. किती वर्षांनी गेले कुणास ठाऊक. कणीक नेली नाही. नुसती बसले.

माझ्यामुळे दोन जीव गेले, ते बोचतंय. पण तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

आता एकेक आठवतंय. दुसऱ्यांदा खणत होते तेव्हा मी मुद्दाम चहा नेला नाही. ते स्वतःच आत आले, पायाला चिखल, आणि म्हणाले, “मालिनी, एका कोपऱ्यात मृत साठा ठेवलाय बघ.” तुम्ही उन्हाळ्यात पेपरात वाचता ना, धरणात मृत साठाच उरला, तो. दारांच्या खालचं पाणी, कालव्याला सोडत नाहीत. मी म्हटलं, मेलं नाव तरी धड काढा तोंडातून! तर हसले आणि म्हणाले, “दुष्काळात धरणातले मासे तिथंच राहतात. मी पाहिलेत.” मी भांडी घासत होते, वळूनही पाहिलं नाही.

तेवढंच सांगायला आले होते ते. मी विचारलं असतं तर बाकीचंही बोलले असते.

तुम्ही त्या अन्वीला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावा आणि फोनवर रेकॉर्ड करून घ्या. नको, राहू द्या. तिच्या तोंडून येईल तेव्हा आपसूक येऊ दे.

डेप्युटी दिसला का?

मालिनी


बॉबलिंगेन
२१ फेब्रुवारी २०२६

मालिनीताई,

पुढच्या शुक्रवारी माझे तीन महिने भरतात, निघायला हवं. व्हिसावाल्यांना माशांचं काय.

बर्फ बराच उतरलाय. रोज जाऊन उभी राहते. तळाशी पानांचा काळा थर दिसतो, कोपऱ्यात तर काहीच दिसत नाही, नुसता काळोख. डेप्युटी दिसला नाही. आणखी मेलेला कुणी वरही आला नाही. फ्राऊ माउरर म्हणते, मार्चअखेर, पाणी तापल्यावर कळेल, त्याआधी काठीनं ढोसू नकोस. मला भारी वाटतंय हो ढोसावंसं.

मागे एकदा “मजेत आहेत” लिहिलं, या वेळी तसं लिहिणार नाही. मला ठाऊक नाही. जगले असतील किंवा नसतील. तुमची अट मी पूर्ण करू शकले नाही, मासे न बघताच मला जावं लागतंय. स्पृहाला सांगून ठेवलंय, तुम्ही विचारलंत तरी तिनं फोनवर काही सांगायचं नाही. कुणीतरी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं, आणि डेप्युटीच्या कपाळावरची ती खाच तुमच्याशिवाय कुणाला ओळखू येणार?

कुकर इथेच ठेवून जाते. माझी खूण.

मनोरमा


बॉबलिंगेन
१९ एप्रिल २०२६

मनोरमाताई,

तुम्ही महा बेरकी आहात. स्पृहाला गप्प केलंत आणि मला तिकीट काढायला लावलंत. काल पोचले.

सामान दारातच टाकून मागे गेले. स्पृहा म्हणाली, आई, हातपाय तरी धू. ऊन होतं, पण वारा गार. फ्राऊ माउरर कुंपणापाशी येऊन उभी राहिली. अन्वी माझ्या पदराला धरून.

चपट्या दगडावर टकटक केलं. काही नाही. पुन्हा केलं. लहान दोघंतिघं आले. म्हटलं, हे आले ना, हेही थोडं नाही. तेवढ्यात कोपऱ्यातल्या काळोखातून तो आला. सावकाश. वाळलाय, रंग फिका पडलाय, एक पर फाटलाय. कपाळावर डाग, डागाला खाच. सगळ्यांत शेवटी.

फ्राऊ माउररनं डबीतलं खाणं दिलं, चिमूटभर, याहून जास्त नाही असं बोट दाखवून बजावलं. मी हात पाण्यात धरला. तो आला, थांबला आणि खाल्लं त्यानं. मी रडले, मनोरमाताई, इतक्या महिन्यांत वाईला नाही रडले तेवढी रडले. कुणी मला थांबवलं नाही.

वेदांगनं मे महिन्यातली बोडनसेच्या बोटीची तिकिटं काढलीत. जाईन. पण घाई नाही.

आज सकाळी सगळे उठायच्या आत एकटी गेले. बाही वर केली आणि त्या कोपऱ्यात हात घातला. कोपर गेलं, दंड गेला, खांदा पाण्याला टेकला, पदर भिजला, तरी तळ लागला नाही. पाणी गार होतं, बोटं बधिर झाली. तसाच ठेवला हात थोडा वेळ. मग आत येऊन दोन कप चहा टाकला, सवयीनं. दुसरा अन्वीनं दूध घालून प्यायला.

पुढच्या थंडीत तुमची पाळी. कुकर घासून ठेवलाय.

तुमची,
मालिनी